ताईच्या दारावरचा झेंडा

पुणे स्टेशनवर सकाळी पावणेसातला उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत ताईसाठी आणलेल्या सांडगी मिरच्या होत्या, दोन किलो तूरडाळ होती आणि सदऱ्याच्या घडीत एक टाइप केलेला कागद होता. त्या कागदावर मला ताईची सही घ्यायची होती.

आपल्या वाचनालयाच्या अंकासाठी मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या प्रवासाबद्दल लिहितो. कोकण झालं, हंपी झाली, मागच्या वर्षी अंदमान. दुकानात औषध घ्यायला येणारी माणसं पुडीबरोबर विचारतात, “दिनूभाऊ, यंदा कुठं?” यंदा पुणे. पुण्याला मी याआधी कितीदा तरी गेलो असेन. बहिणीचं घर, त्यात लिहिण्यासारखं काय, असंच वाटायचं. पण या खेपेला मी घाबरत गेलो आणि तिथे होतो ते तिन्ही दिवस घाबरलेलाच होतो. त्याबद्दल लिहितो आहे.

सुमनताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. भाऊजी गेल्यापासून कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहते. तिचा मुलगा नचिकेत जर्मनीत असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचा मला फोन आला.

“मामा, आईने सव्वीस जानेवारीला सोसायटीचा झेंडा फडकवायला नकार दिला. सगळ्यांसमोर. कोणीतरी व्हिडिओ काढलाय. ग्रुपवर लोक काय काय लिहितायत, मला इथे झोप लागत नाही. चेअरमन म्हणतात, माफीचं पत्र दिलं की विषय क्लोज. मी ड्राफ्ट पाठवतो, तुम्ही प्रिंट काढा आणि प्लीज जा. तुमचं ती ऐकेल. तुम्ही पण यातून गेला आहात ना, तो मठ सोडलात तेव्हा.”

मी हो म्हणालो. बावीस वर्षं मी मठाचं काम केलं, त्या काळात माणसांची समजूत घालण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, “कर्वेनगर.”

“कर्वेनगर मोठंय,” तो म्हणाला. “सगळं फिरवू?”

पत्ता दाखवला तेव्हा मीटर पडलं. नदी ओलांडताना गार वारा लागला. सिग्नलला शेजारी थांबलेला हेल्मेटवाला माझ्याकडे पाहतोय असं वाटलं. मला इथे ओळखतं कोण! पण ताईचा तो व्हिडिओ मी गाडीत सात-आठ वेळा पाहिला होता आणि त्याखाली लोकांनी लिहिलेलं सगळं वाचलं होतं. ‘पत्ता टाका’ असं एकाने लिहिलं होतं. त्याखाली दुसऱ्याने पत्ता टाकला होता.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने वही पुढे केली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. “कोणाकडे?” त्याने विचारलं.

“बी विंग, दोनशे तीन.”

त्याने मान वर करून मला नीट पाहून घेतलं. “झेंडेवाल्या बाई होय,” म्हणाला आणि वही स्वतःकडे ओढून माझ्या नावापुढे त्याने काहीतरी खूण केली.

ताईच्या दाराशी पोचलो आणि बेलवर ठेवायला उचललेला हात तसाच राहिला. दारातून बाहेर बघायला जे भिंगाचं छिद्र असतं, त्यावर कोणीतरी झेंड्याचं स्टिकर चिकटवलं होतं. तळहाताएवढं, नवं कोरं, चारही कोपरे दाबून बसवलेलं.

बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला. “कोण?”

“ताई, मी दिनू.”

“दिनूच कशावरून?”

मला हसू आलं, पण तिचा आवाज हसण्याचा नव्हता. “काय सांगू?”

“आपल्या म्हशीचं नाव सांग.”

“राणी. तुला मारायची, मला नाही मारायची.”

मग एक कडी, दुसरी कडी, साखळी. ताई दारात उभी होती. केस विंचरलेले, साडी नीट, पण गेल्या दिवाळीत पाहिली होती त्याच्या निम्मी वाटली. “ते तसंच राहू दे,” मी स्टिकरकडे वळलो तशी ती म्हणाली. “काढलं तर म्हणतील, बाईंनी झेंडा फाडला. आधी आत ये.”

“पण मग बाहेर कोण आलंय ते कसं दिसतं तुला?”

“नाही दिसत. म्हणून तर म्हशीचं नाव विचारावं लागतं.”

तिने पोहे केले. वर शेव टाकली नाही, कारण आपल्याकडे टाकत नाहीत हे तिच्या लक्षात होतं. खाताना तिने सगळं सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं.

सोसायटीत पद्धत अशी की प्रजासत्ताक दिनाला सर्वांत वयस्कर रहिवाशाने झेंडा फडकवायचा. यंदा तो मान तिच्याकडे आला. तिने चेअरमनना आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं की मी येईन, उभी राहीन, राष्ट्रगीत म्हणेन, पण दोरी दुसऱ्या कोणीतरी ओढा. त्यांना तो विनय वाटला. माइकवरून नाव पुकारलं. ती जागेवरून हलली नाही. “मी नाही,” एवढंच म्हणाली. चेअरमननी दुसऱ्यांदा पुकारलं. तिने मान हलवली. मग त्यांनी स्वतःच दोरी ओढली.

“आणि राष्ट्रगीत?”

“म्हटलं की. व्हिडिओत ते नाही. त्याच्या आधीच तोडलाय.”

त्यानंतर दोन तरुण येऊन मुलगा कुठे असतो, कुठल्या कंपनीत असतो, विचारून गेले. नंबर न दिसणारे फोन येऊ लागले. उचलला की पलीकडे कोणी बोलत नाही, नुसता श्वास. भांडी घासायला येणारी मावशी म्हणाली, बाई, मला बाकीची सहा घरं इथलीच आहेत हो, आणि यायची थांबली. मग एका सकाळी दारावर ते स्टिकर.

“पण ताई, तू नाही का म्हणालीस?”

ती ताटली उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, मंडईत जाऊ. कर्वेनगरात भाजी मिळते, पण कोपऱ्यावरची भाजीवाली आता तिच्याशी बोलताना इकडेतिकडे बघते. बसने गेलो. मंडईची ती जुनी दगडी इमारत, उंच छताखाली गोलाकार मांडलेले गाळे, ओल्या कोथिंबिरीचा वास. मटाराचे ढीग लागले होते. अंजिरं नुकती आली होती, पानावर मांडलेली. मी भाव विचारला. गाळेवाला म्हणाला, “विचारायला पैसे नाहीत. घ्यायला आहेत.” मी आल्यापासून ताई पहिल्यांदा हसली.

मी अंजिरं घेऊन वळलो तर ती नव्हती. पुढच्या गल्लीत नाही, मटारवाल्याकडे नाही. फोन लावला, तो लागेना. आणि मग मला तो दिसला: काळं जर्किन, हातात हेल्मेट. बसमध्ये तो आमच्या मागच्या सीटवर होता याची मला खात्री वाटली. मी चालू लागलो तसा तोही चालू लागला. मी बटाट्याच्या पोत्यांना वळसा घातला, त्यानेही घातला. ओरडावं तर कोणाला ओरडावं, काय म्हणून? शेवटी त्याने मला गाठलंच. खांद्यावर हात ठेवला.

“अहो काका, केव्हाचा हाका मारतोय. पिशवी फाटलीय तुमची. अंजिरं सांडत चाललाय.”

त्याच्या ओंजळीत माझी पाच अंजिरं होती.

ताई दहा मिनिटांनी लिंबूवाल्याजवळ सापडली. ती मला शोधत होती आणि तिचाही चेहरा पांढरा पडला होता. आम्ही जवळच्या अमृततुल्यमध्ये (इथे चहाच्या जुन्या धाटणीच्या दुकानाला असं म्हणतात) जाऊन बसलो. एकमेकांकडे न बघता, रस्त्याकडे बघत चहा प्यायलो.

घरी येऊन मटार सोलायला बसलो तेव्हा मी विषय काढला. आजवर शेकडो घरांत काढला होता तसाच, हळू आवाजात, आधी तिची बाजू मान्य करून. तुझा विश्वास उडाला असेल, मी समजू शकतो. माझाही एका गोष्टीवरचा उडाला होता.

“तुझं बरं होतं दिनू,” ती म्हणाली. “तुझा विश्वास उडाला, तू मठात जायचं बंद केलंस. गुरुवारी दुकान उघडं ठेवायला लागलास. झालं. मी काय बंद करू? पाणीपट्टी भरायचं?”

मी पुढची शेंग उचलली.

“आणि तुला तिथलं भजन कानावर आलं तर आता काय वाटतं?”

“काही नाही. कधी कधी हसू येतं.”

“मला राष्ट्रगीताला अजून आवंढा येतो. सव्वीस तारखेलाही आला. ज्याच्यावरचा भरवसा गेला त्याच्यासाठी गळा दाटतो, याचाच मला जास्त राग येतो.” तिने एक शेंग रिकामी करून बाजूला टाकली. “तू कसा बाहेर पडलास? गावात सगळे म्हणतात, दिनूने तोंडावर सांगितलं आणि मठाची पायरी उतरला.”

गावात सगळे तसं म्हणतात कारण मी तसं सांगितलं आहे. वाचनालयाच्या एका जुन्या अंकात, एका लेखात, मी ते ओझरतं लिहिलंही आहे. वाचकांपैकी काही जणांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं.

ताईला मी खरं सांगितलं. तेच इथे लिहितो.

आपल्या गावातल्या मास्तरांच्या पत्नीला, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, मधुमेह होता. रोज इन्सुलिनची सुई. सुई माझ्याच दुकानातून जायची. दोघांना मठात मीच नेलं होतं. महाराजांनी अंगारा दिला आणि सुई सोडायला सांगितलं. वहिनी घाबरून माझ्याकडे आल्या. “भाऊ, तुम्ही औषधातले जाणकार. सोडू का?” आणि मी, ज्याच्याकडे औषधविक्रीचा परवाना आहे तो मी, म्हणालो, “महाराज म्हणतात तर पंधरा दिवस सोडून बघा.” त्या नवव्या दिवशी गेल्या.

नातेवाइकांनी ओरडा केला तेव्हा मठाने मला बोलावलं. कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं, सुई थांबवण्याचा सल्ला मठातल्या कोणी अथवा मी दिलेला नाही, रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध बंद केलं, मठाची नाहक बदनामी झाली याबद्दल सेवेकरी म्हणून मी क्षमा मागतो. खोलीत आठ-दहा जण होते. मी सही केली. गुरुवारच्या सभेत तो कागद वाचून दाखवला. मास्तर तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यानंतर मी मठात गेलो नाही, एवढंच काय ते माझं धाडस.

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. तिने एवढंच विचारलं, “सही केल्यावर झोप लागली?”

“लागली. त्याच रात्री लागली. वर्षभराने उडाली.”

तिने शेंगांची सालं गोळा केली, हात धुतले आणि म्हणाली, “चल. तुला संतोषकडे नेते.”

बिबवेवाडीत एका गजबजलेल्या रस्त्यावर दुचाकीच्या सीटची कव्हरं शिवणारं छोटंसं दुकान होतं. संतोष पस्तिशीचा असेल, डोक्यावर थोडे पांढरे केस. ताईला पाहताच तो मशीनवरून उठला, पाया पडला आणि लगेच शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

“बाई, तुमी इथं नव्हतं यायचं. फोन करायचा.”

त्याचं घर पुण्याच्या हद्दीत ओढल्या गेलेल्या एका गावातलं. शाळेत तो ताईच्या वर्गात होता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने एका माणसाला मारहाण होताना पाहिली. मारणारी माणसं वजनदार होती. साक्ष द्यावी की नाही हे विचारायला तो आपल्या जुन्या बाईंकडे आला. ताई म्हणाली, जा. खरं सांगणाऱ्याच्या पाठीशी कायदा असतो. तो गेला, आणि पुढे त्याचंच नाव आरोपींत आलं. तीन वर्षं तो आत होता. मग निर्दोष सुटला. मधल्या काळात आई गेली, ठरलेलं लग्न मोडलं.

“न्यायाधीशांनी काय म्हटलं सुटताना?” मी विचारलं.

“काय न्हाय. पुढची केस पुकारली.” तो कडवटपणे नाही, सहज म्हणाला. मग ताईकडे वळला. “बाई, तुमी उगा जीवाला लावून घेता. मला देशानं काय केलं न्हाय. माणसांनी केलं. सगळीकडं असत्यात अशी माणसं.”

“मी तुला वर्गात असं शिकवलं नव्हतं, संतोष.”

“वर्गातलं वर्गात असतंय बाई.” त्याने बाहेर पाहिलं. एक मोटारसायकल थांबली होती. गिऱ्हाईकच होतं, तरी ती जाईपर्यंत तो बोलला नाही. “मी बघितला तो व्हिडिओ. माझ्यापायी केलंत, मला कळलं. पण बाई, कुणी इचारलं तर माझं नाव नका घेऊ. आता लगीन झालंय, पोरगी हाय. परत त्यांच्या नजरंत नगं यायला. हात जोडतो.”

त्याने खरोखर हात जोडले होते. आपला विद्यार्थी हात जोडून गप्प राहायची विनंती करतो आहे हे पाहताना ताईचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तिने त्याचे हात धरून खाली केले. “नाही घेणार.”

निघताना त्याने ओशाळत विचारलं, “पोरीला शाळेत भाषण करायचंय, संविधानावर. तुमी चार वळी लिहून द्याल का?”

ताई म्हणाली, “बघते.” बसमध्ये मात्र ती सबंध वेळ खिडकीला डोकं टेकून होती. नकाराचं कारण तिच्याकडे होतं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. उतरताना ती म्हणाली, “मी दोरी ओढायला हात वर केला असता ना दिनू, तर मला तोच दिसला असता. ‘बाई, जाऊ का?’ असं विचारणारा.”

घरी आल्यावर मी गरम पाण्यात फडकं भिजवून दारावरच्या स्टिकरवर धरून बसलो. बाटल्यांवरची लेबलं काढून काढून मला ती सवय आहे. घाई करायची नाही. डिंक सुटला की कागद आपोआप सैल होतो. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि बंद झालं. अर्ध्या तासाने स्टिकर अख्खं निघालं.

“फाटलं नाही ना?” ताई आतून धावत आली.

तिने ते तळहातावर घेतलं, पंच्याने टिपलं, पंख्याखाली वाळवलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, भाऊजींच्या शालीवर ठेवलं. मला आठवलं, मठ सोडल्यावर महाराजांची तसबीर मला अडगळीत टाकवेना. नव्या कापडात गुंडाळून मी ती नदीत सोडून आलो होतो.

मग ती म्हणाली, “नचिकेतचा कागद आहे ना तुझ्या बॅगेत? दे.”

तिला कसं कळलं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने चष्मा लावून तो वाचला, लाल पेनाने शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि मला परत दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस चौकीतून फोन आला. अकरा वाजता या. सोसायटीतल्या सात जणांनी तक्रारअर्ज दिला होता.

चौकी म्हणजे दोन खोल्या. बाहेर दुचाक्यांना टेकून चेअरमन आणि आणखी चार जण उभे होते. एकाचा मोबाइल आमच्या दिशेने धरलेला होता.

हवालदार पन्नाशीचे, दमलेले. “बसा बाई. चहा घेणार?”

“नको.”

“गुन्हा वगैरे काही नाही. झेंडा न फडकवणं हा गुन्हा नाही, एवढं मलाही कळतं. पण सात सह्यांचा अर्ज आहे. तुमचा जबाब घेतो, सही करा, आम्ही फाइल बंद करतो.” जबाब त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. वाचू लागले. “माझ्याकडून अनवधानाने घडलेल्या कृत्यामुळे—”

“अनवधानाने नाही,” ताई म्हणाली.

“मग?”

“पूर्ण अवधानाने. आणि कृत्य कुठलं? मी काही केलं नाही, म्हणूनच तर तक्रार आहे.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “शिक्षिका होतात का?”

“आहे.”

“बरं. मग कारण सांगा. कारण लिहितो. कारण असलं की वाचणाऱ्यालाही बरं पडतं.”

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिच्याकडे बघत होतो. एक नाव घेतलं असतं तर सगळं समजलं असतं, निदान या एका माणसाला तरी. खिडकीतून बाहेरचे पाच जण दिसत होते. मनात म्हणत होतो, ताई, कर सही, कर आणि चल. तेवढ्यात हवालदार माझ्याकडे पाहून म्हणाले, “जप करताय का? करा, करा.”

माझे ओठ हलत होते. मठातला मंत्र. मठ सुटून सहा वर्षं झाली होती, ज्याच्यापायी एक बाई मेली तोच मंत्र, आणि भीती वाटल्याबरोबर तो माझ्या तोंडात आपला आपण आला होता. ताईने पाहिलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“कारण माझ्यापाशी आहे,” ती हवालदारांना म्हणाली. “ते तिथेच राहू द्या.”

“आणि सही?”

तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. कोरी जागा कोरीच होती.

“तुमच्या जागी मी असतो तर केली असती बाई,” ते म्हणाले. धमकी नव्हती त्यात. “मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. तुमच्यावर माझा राग नाही.”

बाहेर चेअरमननी विचारलं, “काय ठरलं मॅडम?”

“काही नाही ठरलं,” म्हणून ती चालू लागली. तो मोबाइल आम्ही वळेपर्यंत आमच्याकडे रोखलेला होता. वळल्यावर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली आणि गटारात ओकली. मी पाणी आणलं. पदराने तोंड पुसत तिने विचारलं, “दिनू, मी चुकले का रे?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. खोटं उत्तर तिला चाललं नसतं.

त्याच संध्याकाळची माझी गाडी होती. मी राहतो म्हणालो. तिने ऐकलं नाही. “तू किती दिवस राहशील? मला इथे रोज राहायचंय.” नचिकेतचा फोन आला, मी सगळं सांगितल्यावर तो चिडला आणि मग म्हणाला, “मी एप्रिलमध्ये येतो.” ताईने मला दशम्या बांधून दिल्या. मी जिना उतरेपर्यंत वर एक कडी, दुसरी कडी, साखळी असे आवाज ऐकू आले.

गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. देवळाला बाहेर असतं. पायरी उतरलं की रस्ता लागतो. ताई ज्या देशावर रुसली आहे त्यातच तिला भाजी आणायची आहे, त्यातच आजारी पडायचं आहे. म्हणून तिची भीती माझ्याहून मोठी आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. पण दौंड गेल्यावर मला दुसरंच सुचलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. आम्हा दोघांचं मोडलं ते एकाच जागी. आपण फसलो याचं दुःख माणूस पचवतो; आपण दुसऱ्याला खात्री दिली होती, ते पचत नाही. इथवर आम्ही भाऊ-बहीण सारखे. मात्र ताईने संतोषला जे सांगितलं ते खरं असायला हवं होतं. ते खरं नव्हतं यात तिचा दोष नाही. मी वहिनींना जे सांगितलं ते खोटं आहे, हे मला सांगताना ठाऊक होतं. ती सही न करता घाबरते आहे. मी सही करून सहा वर्षं निवांत हिंडतो आहे, अंदमानला जाऊन आलो आहे.

सकाळी आपल्या स्टेशनवर उतरलो. घरी गेलो नाही. बॅग घेऊन सरळ मास्तरांकडे गेलो. सहा वर्षांत त्या आळीतून जायचं मी टाळलं होतं. मास्तर ओट्यावर पेपर वाचत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी तो दुमडला, पण ‘या’ म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. सभेत वाचला तो कागद खोटा होता. वहिनी मला विचारायला आल्या होत्या. सोडून बघा असं मीच म्हणालो होतो.

ताईला आजपर्यंत कोणी पुन्हा बोलावलेलं नाही. मी रोज संध्याकाळी फोन करतो, ती म्हणते, “अजून कोणी आलं नाही.” त्यातला ‘अजून’ हा शब्द ती सोडत नाही. संतोषच्या मुलीला तिने भाषण लिहून दिलं. आठ ओळी लिहायला तिला चार दिवस लागले. हा मजकूर छापून येईल तेव्हा इथल्या मठातले लोकही तो वाचतील. रात्री बाहेर आवाज झाला की मी उठून बसतो, हेही सांगून ठेवतो.

त्या सकाळी माझं ऐकून मास्तरांनी दुमडलेला पेपर ओट्यावर ठेवला. चिमण्या ओट्यावरचे तांदूळ टिपत होत्या. मग ते आत गेले. मला वाटलं, आता दार लावून घेतील. ते वही घेऊन बाहेर आले, तिचं मधलं पान फाडलं आणि माझ्यापुढे धरलं.

“हे लिहून द्याल का?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पायरीवर बसलो आणि खिशातलं पेन काढलं.